धक्का कसा मोजतात, आणि आपण काय मोजून ठेवायचं

(मार्च २०१९ मध्ये तलासरी-डहाणू भागातल्या पाड्यांच्या एकत्र बैठकीत आम्ही कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. ज्या पाड्यांना येता आलं नाही त्यांनी हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्यावं.)



आज आपण छपराखाली नाही, आंब्याखाली बसलोय. का, ते सांगायला नको. दिवाळी झाली, भाताची झोडणी चालू होती, आणि नोव्हेंबरात पहिला धक्का आला. तेव्हा वाटलं कुठं तरी सुरुंग लावला. मग दुसरा आला, तिसरा आला. आता चार महिने झाले. रात्री भांडं वाजलं तरी आपण उठून बसतो. मांजर कौलावर चढलं तरी पोरं ओरडतात. थंडीचे दिवस आपण बाहेर, तंबूत आणि झाडाखाली काढले.

१ फेब्रुवारीचा दिवस कोणी विसरणार नाही. सकाळपासून धक्क्यावर धक्के. दुपारचा सगळ्यात मोठा, ४.१ चा. त्या दिवशी आपल्या भागातली दोन वर्षांची एक पोर पळापळीत पडली आणि गेली. तिच्यासाठी आधी दोन मिनिटं उभे राहू.

(सगळे उभे राहिले.)

बसा. आता आपण कामाचं बोलू.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही एका पाड्यात फिरत होतो. तिथं पाहणीला एक साहेब आले होते. ते म्हणाले, "अहो, तीन रिश्टरचा धक्का म्हणजे काहीच नाही. तीनला घरं पडत नसतात." तिथली आजी पुढं झाली. साहेबांचा हात धरून तिनं त्यांना घराच्या मागं नेलं. भिंतीत हात जाईल एवढी भेग. ती म्हणाली, "बाबा, तुझ्या कागदावर तीन असेल, माझ्या भिंतीत बघ किती आहे."

साहेब गप्प झाले. पण आम्हीपण गप्पच झालो. कारण आम्हाला माहीत नव्हतं की दोघांत खरं कोण. आमच्यात बारावीच्या पुढं शिकलेलं कोणी नाही. मग आम्ही पुस्तकं काढली, शाळेतल्या गुरुजींना विचारलं, यंत्रं बसवायला आलेल्या माणसांना विचारलं. तेव्हा कळलं की आजी खरं बोलत होती आणि साहेबांचा आकडापण खोटा नव्हता. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. हे कसं, ते आज सांगायचंय.

ढोलाचं उदाहरण घ्या. ढोल वाजवणारा एक टिपरू मारतो. त्यानं किती जोरात मारलं, ही एक गोष्ट. ती एकच असते. पण आवाज किती आला, हे विचारलं तर शेजारचा म्हणेल कान फुटले, वरच्या पाड्याचा म्हणेल बरा आला, डोंगरापलीकडचा म्हणेल आम्हाला ऐकूच आला नाही. तिघंही खरंच सांगतात.

भूकंपाचंही तसंच. जमिनीच्या आत खडक किती जोरानं सरकला, त्याचा जो आकडा असतो त्याला पुस्तकात 'महत्ता' म्हणतात. पेपरात आपण त्यालाच रिश्टर म्हणतो. एका धक्क्याचा आकडा एकच. आणि वर, कोणत्या गावात किती हाललं, काय पडलं, त्याला 'तीव्रता' म्हणतात. ती गावागावाला वेगळी असते. तिचे १ ते १२ असे बारा टप्पे केलेले आहेत. ती यंत्रानं मोजत नाहीत, माणसांना विचारून आणि घरं बघून ठरवतात. भांडी वाजली का, झोपलेली माणसं उठली का, गिलावा पडला का, भिंत फाटली का. म्हणजे बघा, त्या मोजणीचं यंत्र आपणच आहोत. आजी आहे. तिला विचारल्याशिवाय ती मोजणी पुरी होत नाही.

आता आकडा कसा काढतात ते सांगतो.

झाडाच्या फांदीला दोरीनं मोठा दगड टांगा. फांदी पटकन हलवली तर दगड लगेच हलत नाही. जड असतो, मागं राहतो. भूकंपाचं जुनं यंत्र याच गोष्टीवर चालतं. यंत्राची चौकट जमिनीला घट्ट बसवलेली असते, आत जड वजन टांगलेलं असतं. जमीन हलते तेव्हा चौकट हलते, वजन जागेवर राहतं. त्या दोघांतला फरक पेन कागदावर ओढतो. आता पेनच्या जागी लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये जातं. पण मूळ तेच, टांगलेला दगड.

रिश्टर हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या एका शास्त्रज्ञाचं नाव. त्यांनी १९३५ साली हे माप काढलं. त्या काळच्या एका ठरावीक यंत्रावर, जे जमिनीचं हलणं हजारो पटीनं मोठं करून दाखवायचं, १०० किलोमीटरवरच्या धक्क्यानं रेघ १ मिलिमीटर हलली तर आकडा ३. रेघ १ सेंटिमीटर हलली तर ४. १० सेंटिमीटर हलली तर ५. म्हणजे एक आकडा वाढला की हलणं दहापट. हे आपल्या मोजणीसारखं नाही. आपण तीन पायली आणि चार पायली म्हणतो, त्यात एकाच पायलीचा फरक असतो. इथं तसं नाही.

आणि जोर तर त्याहून जास्त वाढतो. एका आकड्याला सुमारे ३२ पट, दोन आकड्यांना हजार पट. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला जो झाला तो सुमारे ६.२ चा होता. हजारो माणसं झोपेत गेली. आपला १ फेब्रुवारीचा मोठा धक्का ४.१ चा. म्हणजे किल्लारीचा जोर त्याच्यापेक्षा हजार पटीहून जास्त होता. हे सांगतो ते दोन कारणांसाठी. एक, कोणी येऊन म्हणालं की आता इथं किल्लारी झाली, तर तसं झालेलं नाही हे आपल्याला माहीत पाहिजे. दुसरं, कोणी म्हणालं की बारीक धक्के आले म्हणजे आतला जोर निघून गेला, आता मोठा येणार नाही, तर तेही धरून चालू नका. सहाच्या एका धक्क्याएवढा जोर निघायला चारचे हजार धक्के लागतात. किल्लारीलाही आदल्या वर्षी बारीक धक्के येत होते. उलट आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या भातसा धरणाजवळ १९८३ साली असेच धक्के सुरू झाले. त्यातला सगळ्यात मोठा पाचच्या आतच राहिला आणि पुढं ते शांत झाले. म्हणून मोबाईलवर "आज रात्री १२ वाजता मोठा येणार" असं आलं तर ते खोटं समजा. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणारं यंत्र जगात कुठंही नाही.

मग तीनच्या धक्क्यानं आजीची भिंत का फाटली?

कारण आपले धक्के उथळ आहेत. खाली फार खोल नाही, थोड्या किलोमीटरवर खडक सरकतो. धक्का ५ किलोमीटर खाली झाला तर वरच्या पाड्याला तो ५ किलोमीटरवर. तोच ५० किलोमीटर खाली झाला असता तर अगदी डोक्यावरचा पाडासुद्धा ५० किलोमीटर लांब पडला असता आणि तीनचा धक्का कोणाला कळलाही नसता. ढोल आपल्या कानाशी वाजतोय, असं समजा. म्हणून आधी 'धडाम' असा आवाज येतो आणि लगेच झटका बसतो. उथळ धक्क्याची पहिली लाट जमिनीतून निघून हवेत शिरते, तिचा तो आवाज. म्हणून आपल्याला सुरुंग वाटला.

सुरुंग आणि भूकंप यंत्राला वेगळे ओळखता येतात. सुरुंग फुटला की चारी बाजूंची जमीन पहिल्यांदा बाहेर ढकलली जाते. खडक सरकला तर एका बाजूची जमीन ढकलली जाते, दुसऱ्या बाजूची ओढली जाते. चार बाजूंच्या यंत्रांच्या पहिल्या रेघा बघितल्या की कळतं.

आता धक्का कुठं झाला, हे कसं काढतात? पावसात वीज चमकते तेव्हा आपण मोजतो ना, गडगडाट किती वेळानं आला ते. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. भूकंपाच्याही दोन लाटा एकाच वेळी निघतात. एक पुढं पळते, ती ढकलत जाते. दुसरी मागून येते, ती बाजूला हलवत जाते, आणि घराला जास्त त्रास तिचाच. दोघींत जेवढे सेकंद, त्याला ८ नं गुणा, तेवढे किलोमीटर साधारण अंतर. आपल्याला दोन्ही एकदमच येतात, धडाम आणि झटका, कारण आपण वरच बसलोय. १०० किलोमीटरवरच्या यंत्रात बारा-तेरा सेकंदांचा फरक दिसतो.

पण एका यंत्रानं अंतर कळतं, बाजू कळत नाही. म्हणून तीन यंत्रं पाहिजेत. तीन खुंट्यांना तीन दोऱ्या बांधा, प्रत्येक दोरी अंतराएवढी लांब, आणि ताणून फिरवा. तिन्ही दोऱ्यांची टोकं जिथं मिळतील ती धक्क्याची जागा.

खोली काढायची तर यंत्र जवळच पाहिजे. हे नीट ऐका, कारण ही आपली मागणी आहे. यंत्र १०० किलोमीटर लांब असलं तर धक्का ५ किलोमीटर खोल असो की १५, अंतरात फरक पडतो सुमारे एका किलोमीटरचा. तो शंभरात हरवून जातो. पण यंत्र ५ किलोमीटरवर असलं, तर एकदा अंतर येतं ७ आणि एकदा जवळपास १६. चुकणं शक्यच नाही. विहिरीची खोली शेजारच्या गावातून सांगता येते का? काठावर उभं राहून वाकावं लागतं. लांबच्या यंत्रांवरून खोली नक्की निघत नाही, तेव्हा ५ किंवा १० असा ठरीव आकडा धरून चालतात. म्हणून मोबाईलवर पुन्हा पुन्हा "खोली १० किमी" दिसलं तर दर वेळी ती मोजलेली खोली असेलच असं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेची माणसं आली आणि आपल्या भागात यंत्रं बसवली, हे चांगलं झालं. त्या यंत्रांना कोणी हात लावू नका. त्याच्या जवळ गुरं बांधू नका, पोरांना नाचू देऊ नका. ते आपलंच काम करतंय. पण त्यात जे लिहिलं जातं ते आपल्यापर्यंत आलं पाहिजे. दर आठवड्याला किती धक्के झाले, कुठं झाले, किती खोल, हे मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ही आपली पहिली मागणी.

दुसरी गोष्ट घराची. तुम्ही बघितलंच असेल. ज्यांची कारवीच्या कुडाची, शेणामातीनं सारवलेली घरं आहेत ती हलली, वाकली, पण उभी राहिली. कूड हलका असतो, लवतो. ज्यांनी मातीत विटा बसवून भिंती केल्या, त्या कोपऱ्यात आणि दाराच्या वर फाटल्या. पक्कं म्हणून जे बांधलं तेच आधी तडकलं. म्हणजे पक्कं घर वाईट असं नाही. चारी भिंतींना बांधून धरणारा सलग पट्टा, दारावर आणि छपराखाली, नसेल तर भिंती एकमेकींपासून सुटतात. नवीन घरकुलं बांधताना हा पट्टा घातलाच पाहिजे. ठेकेदारावर सोडू नका, उभं राहून बघा.

धक्का आला तर काय करायचं? दार दोन पावलांवर असेल तर पोरांना उचलून बाहेर या, आणि भिंतीपासून, कौलांच्या वळचणीपासून लांब उभे राहा. दार लांब असेल तर धावू नका. खाटेखाली, मजबूत बाकाखाली शिरा आणि डोकं झाका. रात्री पोरांना भिंतीला लावून झोपवू नका. जातं, पाटा, हंडे फळीवरून खाली घ्या. चूल पेटती असेल तर विझवा. पळताना लेकरू हातात धरून ओढू नका, कडेवर घ्या. ती पोर आठवा.

आता शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट. फेब्रुवारीत आपल्याला दोन धक्के बसले. एक १ तारखेला, जमिनीखालून. दुसरा १३ तारखेला, दिल्लीहून. ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झाले त्यांना जमिनीवरून काढा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. देशभर आदिवासी रस्त्यावर आला, आणि २८ तारखेला कोर्टानंच त्याला स्थगिती दिली. तो दुसरा धक्का टळलेला नाही, थांबलेला आहे.

हे दोन्ही धक्के एका घरात कसे मिळतात बघा. तुमचं घर वनपट्ट्यावर आहे. भिंत पडली. पंचनाम्याला माणूस येतो आणि विचारतो, घर अधिकृत आहे का? सातबारा कुठं आहे? नसेल तर यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणून मदत नाही. भूकंप ही शासनाच्याच यादीतली आपत्ती आहे आणि घराच्या पडझडीला मदत द्यायचा नियम आहे. पण ज्याचा दावा वर्षानुवर्षं फायलीत पडलाय, त्याला सातबारा आणायचा कुठून? इथं बुलेट ट्रेनच्या मोजणीला माणसं बोलावल्याशिवाय येतात. वनपट्ट्याच्या मोजणीला अर्ज करून करून चपला झिजतात.

आणि याहून वाईट म्हणजे, पडलेलं घर हा आपला पुरावा आहे. वनहक्काच्या नियमांत, नियम १३ मध्ये, पुरावा काय काय धरायचा ते लिहिलंय. त्यात घर, झोपडी, शेताची सपाटी, बांध येतात. वयस्क माणसांचा लिहून घेतलेला जबाबही येतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण इथं आहोत हे त्या जुन्या घराचा खांब सांगतो, चौथरा सांगतो. तुम्ही घाईनं माती उचलली, लाकूड जाळलं, दुसरीकडं खोपटी बांधली, तर उद्या कोणी म्हणेल इथं घर नव्हतंच.

म्हणून आमचं सांगणं:

एक. पडलेल्या किंवा फाटलेल्या घराचा फोटो काढल्याशिवाय काहीही हलवू नका. फोटोत घरातलं माणूस आणि मागची ओळखीची खूण, झाड, डोंगर, विहीर आली पाहिजे.

दोन. वनहक्क समितीनं प्रत्येक घराची नोंद करावी. कोणाचं घर, किती वर्षांचं, काय पडलं, दाव्याचा नंबर काय. ग्रामसभेत वाचून ठराव करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

तीन. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. घर कधी बांधलं, कोणी बांधलं, त्या वर्षी काय झालं होतं. भिंत परत बांधता येते, माणूस परत येत नाही.

चार. तंबूत झोपा, पण शेत आणि घराची जागा वहिवाटीत ठेवा. कोणी सुरक्षेच्या नावानं कागदावर सही-अंगठा मागितला तर ग्रामसभेला दाखवल्याशिवाय देऊ नका. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) मध्ये लिहिलंय, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला काढता येत नाही.

पाच. प्रत्येक पाड्यात एक वही ठेवा. शिकणाऱ्या पोरांनी ती लिहायची. तारीख, मोबाईलवरची वेळ, आवाज आधी आला का, किती जण उठले, कोणती भांडी पडली, कोणत्या घराला नवीन भेग गेली. भेगेच्या दोन्ही टोकांना कोळशानं खूण करून तारीख घाला. भेग खुणेच्या पुढं गेली की कोणत्या धक्क्यानं वाढली ते कळेल. मग कोणी म्हणणार नाही की ही जुनीच भेग आहे.

यंत्र खालचं लिहील, वही वरचं लिहील. दोन्ही कागद शेजारी ठेवून आपण साहेबांपुढं बसू. तेव्हा आजीला कोणाचा हात धरून मागं न्यावं लागणार नाही.

वह्या आम्ही आणल्यात, प्रत्येक पाड्याला एक. जाताना घेऊन जा, आणि घेताना पाड्याचं नाव सांगा. पुढच्या अमावास्येला इथंच भेटू, वह्या घेऊन.

धरतरी आपली आई आहे. ती हलली म्हणून आपण तिला सोडून जात नाही.

जोहार! जिंदाबाद!